ट्युनिशियात ऑगस्ट: बायकांचे कायदे आणि लोकांची मतं

ट्युनिशियाला जायचंच तर १३ ऑगस्ट प्रवासात धरून जावं. उन्हाळा कडक असतो, कैरवानमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. पण १३ ऑगस्ट हा तिथला महिला दिन आहे, सार्वजनिक सुट्टीचा. १९५६ साली याच तारखेला कौटुंबिक कायद्याची संहिता जाहीर झाली. देश मार्चमध्ये स्वतंत्र झाला होता, संविधान यायला अजून तीन वर्षं होती. संविधानाच्याही आधी कुटुंबाचा कायदा आला, आणि त्यावरची लोकांची मतं आजही या तारखेच्या आसपास सर्वांत मोकळेपणी ऐकू येतात.

आपल्याकडे अरब समाजाचं चित्र बहुतेक आखातावरून तयार झालेलं असतं. कोकणातल्या घराघरांतून माणसं तिकडे नोकरीला गेली, त्यांनी जे पाहिलं ते इथे पोचलं. उत्तर आफ्रिका त्या चित्रात जवळजवळ नाहीच.

पहिला दिवस: ट्यूनिस

मुंबईहून थेट विमान नाही. दोहा, दुबई किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं. दिनार देशाबाहेर मिळत नाही आणि उरलेला बाहेर नेताही येत नाही, म्हणून विमानतळावर थोडेच पैसे बदलावेत आणि पावती जपून ठेवावी. ती नसेल तर परतीला उरलेले दिनार बदलून मिळताना अडचण येते. हातात दहा दिनारची नोट आली तर ती नीट बघावी. २०२० मध्ये निघालेल्या या नोटेवर डॉ. तौहिदा बेन शेख आहेत. १९०९ चा जन्म, १९३६ मध्ये पॅरिसहून वैद्यकीची पदवी, ट्युनिशियातल्या पहिल्या मुस्लिम महिला डॉक्टर. पुढे त्या कुटुंबनियोजनाच्या कामात अग्रभागी राहिल्या. १९७३ पासून तिथे पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात कायदेशीर आहे, आणि त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही.

ऑगस्टमधली एक अडचण आधीच सांगितलेली बरी. उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्या एकाच पाळीत चालतात, दुपारी दोनच्या सुमारास सगळं बंद. नगरपालिका, न्यायालय, संस्था, जिथे कुठे माणसांना भेटायचं असेल ते सकाळीच. संध्याकाळी हबीब बुर्गिबा या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाच्या मार्गावर फिरावं. गृहमंत्रालय, नगर नाट्यगृह, कॅथीड्रल आणि इब्न खल्दूनचा पुतळा, सगळं एका सरळ रस्त्यावर आहे. कॅफे दोन प्रकारचे. साध्या कॅफेत पुरुषच बसलेले असतात, पत्ते आणि फुटबॉल चालू असतं. ‘सालों द ते’ नावाच्या चहाघरांत मुली, जोडपी, कुटुंबं दिसतात. साध्या कॅफेत बाईने बसू नये असा कुठलाही कायदा नाही, तरी ती बसत नाही. ज्याला इथली लोकभावना समजून घ्यायची आहे त्याने कायद्याच्या पुस्तकाआधी या खुर्च्या बघाव्यात.

दुसरा दिवस: जुनं शहर

बाब अल-बहरच्या कमानीतून आत शिरलं की सरळ गल्ली झैतुना मशिदीपाशी जाते. तिथून उत्तरेला, रू द्यु त्रिब्यूनाल या गल्लीत ताहर हद्दाद यांच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. दार लसराम या जुन्या वाड्याच्या तळघरातल्या कमानींखाली ते चालतं. १९७८ मध्ये इथेच बायकांचा एक अभ्यासगट बसू लागला आणि सरकारच्या छत्राबाहेरची स्त्री चळवळ त्यातून उभी राहिली.

हद्दाद झैतुनातच शिकलेले, कामगार चळवळीतले. १९३० मध्ये बायकांच्या हक्कांवरचं त्यांचं पुस्तक आलं. इस्लामने सुधारणा पायरीपायरीने आणल्या, तेव्हा पुढच्या पायऱ्या चढणं धर्माविरुद्ध नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तोंडी तलाक बंद करा, तलाक न्यायालयात न्या, मुलींना शिकवा. वारसाहक्कातली असमानताही कायमची नाही, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. झैतुनाच्या विद्वानांनी त्यांच्यावर झोड उठवली आणि व्यवसायाची दारं बंद केली. १९३५ मध्ये ते क्षयाने गेले, वय छत्तीसच्या आसपास.

त्याच काळात, जानेवारी १९२९ मध्ये, हबीबा मेन्शारी नावाच्या बाईंनी ट्यूनिसच्या एका सभेत बुरख्याविना उभं राहून भाषण केलं. त्यांना विरोध करणाऱ्यांत तरुण वकील हबीब बुर्गिबा होते. फ्रेंचांचं राज्य असताना बुरखा ही आपली ओळख आहे, ती सोडायची नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वातंत्र्य आल्यावर हाच माणूस संहितेचा कर्ता झाला. त्यांच्या बाजूने बोलायचं तर परक्या सत्तेखाली सुधारणा म्हणजे शरणागती वाटते, हे आपल्याकडच्या संमतिवयाच्या वादातही दिसलं होतं. टिळकांच्या वाचकाला ते वेगळं सांगायला नको.

तिसरा दिवस: नगरपालिका, न्यायालय आणि बार्दो

लग्न कसं होतं ते नगरपालिकेच्या सभागृहात बघता येतं. वर-वधू दोघांची संमती, दोन साक्षीदार, लग्नापूर्वीचा वैद्यकीय दाखला आणि करारात मेहेर लिहिलेला. बऱ्याच करारांत मेहेर नाममात्र, एखादा दिनार. लग्नाचं वय २००७ पासून दोघांनाही १८. मालमत्ता वेगवेगळी ठेवायची की संसारातली घरदाराची मिळकत सामाईक करायची, याचा पर्याय १९९८ च्या कायद्याने दिला आहे. अधिकाऱ्याने तो विचारायचा असतो, पण लग्नाच्या गडबडीत प्रश्न भरकन विचारला जातो आणि सवयीने ‘वेगवेगळी’ लिहिलं जातं. पुढे घटस्फोटात नवऱ्याच्या नावावरच्या घराचे हप्ते बायकोने भरलेले असले तरी हातात काही येत नाही. तिथल्या कौटुंबिक खटल्यांतलं हे नेहमीचं दुखणं आहे.

संहितेचं कलम १८ बहुपत्नीत्वावर बंदी घालतं: एक वर्ष कैद आणि २४० दिनार दंड. आकडा हास्यास्पद वाटतो कारण तो १९५६ च्या २,४०,००० फ्रँकचा आहे, कधी वाढवलेला नाही. कलम ३० नुसार घटस्फोट फक्त न्यायालयातच. घरात उच्चारलेल्या तलाकला कायद्यात किंमत नाही. घटस्फोटाचे मार्ग तीन: दोघांच्या संमतीने, दुसऱ्याकडून झालेल्या त्रासाच्या कारणावर, किंवा कारण न देता एकाच्या आग्रहाने, भरपाई देऊन. तिन्ही नवऱ्याला आणि बायकोला सारखेच खुले. न्यायाधीशाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, लहान मूल असेल तर तीन वेळा, दोन बैठकींत किमान महिन्याचं अंतर ठेवून.

आपल्यासाठी यातलं महत्त्वाचं वर्ष १९६६. संहितेला दहा वर्षं होत असताना, १८ एप्रिलला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मागणी हीच होती, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा. भारतात तीन तलाक बेकायदा ठरायला २०१७ उजाडलं.

लोकांची मतं इथे कशी आहेत? बहुपत्नीत्वाची बंदी उठवा म्हणणारा पक्ष ट्युनिशियात टिकत नाही. २०११ नंतर सत्तेत आलेल्या इस्लामी विचाराच्या एन्नाहदा पक्षानेही संहितेला हात लावणार नाही असं जाहीर केलं. १९५६ मध्ये जे वरून लादलं गेलं ते दोन पिढ्यांत ‘आमचं’ झालं. मुलींचं शिक्षण, बाईची नोकरी, बाईचं मत, यांवर फार वाद उरलेला नाही. विद्यापीठांत ६० टक्क्यांहून जास्त मुलीच आहेत.

मग ट्राम क्रमांक ४ पकडून बार्दोला जावं. मोझेइक चित्रांच्या प्रसिद्ध संग्रहालयाला लागूनच संसद आहे. ११ ऑगस्ट २०१८ ला इथे हजारो लोक जमले होते, कुराण उंच धरून, त्यात बायकाही मोठ्या संख्येने. कारण वारसाहक्क. राष्ट्राध्यक्ष बेजी काइद एसेब्सी यांनी नेमलेल्या समितीने, बुश्रा बेलहाज हमिदा यांच्या अध्यक्षतेखाली, जून २०१८ मध्ये अहवाल दिला आणि मुलगा-मुलीला समान वाटा सुचवला. दोनच दिवसांनी, १३ ऑगस्टला, समान वाट्याच्या बाजूचे हजारो लोक बुर्गिबा मार्गावर उतरले.

हिशेब मांडून पाहिला की भांडण कशाचं आहे ते कळतं. बाप वारला, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. मालमत्ता २,४०,००० दिनारची. आजच्या कायद्याने बायकोचा आठवा हिस्सा ३०,०००. उरले २,१०,०००. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, म्हणजे मुलाला १,४०,००० आणि मुलीला ७०,०००. समान वाट्यात दोघांना १,०५,०००. म्हणजे अशा घरातल्या भावाच्या खिशातून ३५,००० जाणार. दुसऱ्याची दुसरी बायको बंद करायला माझं काही जात नाही, इथे जातं. धर्मग्रंथातलं वचन स्पष्ट आहे, सूरत अन-निसाचं अकरावं, आणि श्रद्धेने विरोध करणारे खरोखरच श्रद्धेने करतात. पण बहुपत्नीत्वाबाबतही वचन होतंच, त्याचा नवा अर्थ लावून देश पुढे गेला. अडखळला तो जमीन आणि घर आलं तिथे. सर्वेक्षणांत बहुसंख्य लोक समान वाट्याच्या विरोधात निघाले, आणि बायकांतही विरोध करणाऱ्या थोड्याथोडक्या नव्हत्या.

यात एक बारीक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. १९५९ मध्येच संहितेत कलम १४३ ‘बिस’ (म्हणजे जोडकलम) घालून एक मोठा बदल झाला होता. माणसाला फक्त मुली असतील तर उरलेला हिस्सा काकांकडे न जाता मुलींकडेच परत येतो. याला कोणी रस्त्यावर उतरून विरोध केला नाही. चुलत्याचं गेलेलं चालतं, भावाचं गेलेलं चालत नाही.

ज्यांना मुलीला समान द्यायचं आहे ते हयातीतच दानपत्र करतात. आईवडील-मुलं आणि नवरा-बायको यांच्यातल्या दानपत्रावरची टक्केवारीची नोंदणी फी २००६ मध्ये माफ झाली, ठरावीक रक्कम भरली की काम होतं. शहरी सुशिक्षित घरांत हे सर्रास चालतं. सर्वेक्षणात ‘विरोध’ म्हणणारा बाप नोटरीकडे जाऊन मुलीच्या नावावर फ्लॅट करून येतो. मत आणि वागणूक यांच्यातलं हे अंतर लक्षात ठेवल्याशिवाय कुठलाही टक्का वाचू नये.

चौथा दिवस: कैरवान

दक्षिणेकडच्या शेअर टॅक्सी मोन्सेफ बे स्थानकातून सुटतात. यांना लुआज म्हणतात. आठ प्रवासी भरले की निघते. लाल पट्टा म्हणजे लांब पल्ला, निळा जिल्ह्याभोवती, पिवळा खेड्यांत. खिडकीवर तिकीट घ्यायचं, घासाघीस नाही. कैरवान सुमारे १६० किलोमीटर. सकाळी लवकर निघावं, कारण मोठी मशीद पर्यटकांना दुपारी बंद होते आणि बिगरमुस्लिमांना फक्त अंगणापर्यंत प्रवेश आहे.

कैरवान हे देशातलं सर्वांत धार्मिक वळणाचं शहर समजलं जातं, आणि एकपत्नीत्वाची सर्वांत जुनी वहिवाटही याच शहराची. ‘कैरवानी सदाक’ म्हणजे इथल्या पद्धतीचा लग्नाचा करार. त्यात नवरा लिहून देतो की दुसरी बायको करणार नाही, केली तर पहिलीला स्वतःची सुटका करून घेण्याचा अधिकार राहील. परंपरा सांगते की कैरवानच्या अरवाने खलिफा अल-मन्सूरशी लग्न करताना हीच अट घातली होती, आठव्या शतकात. बंदी पाश्चात्त्यांकडून आली असं कोणी म्हटलं की ट्युनिशियातले लोक या कराराकडे बोट दाखवतात.

शहर गालिच्यांचंही आहे. साध्या कैरवानी गालिच्यात चौरस मीटरला ४०,००० गाठी असतात, आणि त्या बांधतात घरात बसलेल्या बायका. दुकानात विकणारे पुरुष. मागे हस्तकला कार्यालयाचा शिक्का आहे का ते पाहूनच घ्यावा, आणि बाईला त्यातले किती मिळाले ते दुकानदाराला जरूर विचारावं. उत्तर बहुधा सरळ मिळत नाही.

पाचवा दिवस: सिदी बुझीद

मध्य भागातल्या या गावात पर्यटक येत नाहीत. १७ डिसेंबर २०१० ला इथे मोहम्मद बुअझिझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि अरब देशांतले उठाव सुरू झाले. पोस्टाच्या इमारतीवर त्याचं मोठं चित्र आहे. त्याचा तराजू जप्त करणारी निरीक्षक बाई होती, आणि तिने त्याला थोबाडीत मारली अशी बातमी पसरली. ‘बाईने मारलं’ या तपशिलाने संतापाला धार आली. ती बाई काही महिने तुरुंगात राहिली आणि एप्रिल २०११ मध्ये सुटली. क्रांतीच्या गोष्टीतला हा भाग स्थानिक लोक आजही अवघडून सांगतात.

पहाटे रस्त्यावर उभं राहिलं तर उघडे पिकअप दिसतात, मागे दाटीवाटीने उभ्या शेतमजूर बायका. दलाल बायका गोळा करतो, गाडीभाडं मजुरीतून कापतो. २०१९ च्या सुमारास दिवसाला १० ते १५ दिनार मजुरी होती, पुरुषांना त्याच शेतात जास्त. कोणी खाली बसून जागा अडवू नये म्हणून गाडीच्या फळीवर पाणी ओततात, असं या बायकाच सांगतात. २७ एप्रिल २०१९ ला याच जिल्ह्यात सब्बालाजवळ अशा गाडीला अपघात होऊन दहाहून जास्त माणसं गेली, बहुतेक बायका. त्यानंतर शेतमजुरांच्या वाहतुकीसाठी परवान्याचा कायदा झाला. तो चालत नाही याची कारणं साधी आहेत. परवानाधारक गाडीला ठरावीक जागांपुरतीच माणसं घेता येतात, मग भाडं परवडत नाही. शेतापर्यंत पक्का रस्ता नाही. आणि पोलिसाने गाडी अडवली तर बायकांचीच त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून त्याच ‘सोडा साहेब’ म्हणतात.

इथे वारशाचा प्रश्न काढला की वेगळंच ऐकू येतं: समान वाटा राहिला बाजूला, आहे तो अर्धा तरी कुठे मिळतो? जमीन भावांकडेच राहते. मागितली तर माहेर तुटतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला वेळ लागणार नाही. आपल्याकडे १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटेकरी झाली, तरी गावोगाव बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून साडीचोळी घेऊन परततात.

सहावा दिवस: मोनास्तिर

सूसपर्यंत लुआज आणि तिथल्या बाब जेदिद स्थानकावरून किनाऱ्याची लोकल. मोनास्तिरला बुर्गिबांची समाधी आहे, सोनेरी घुमट, दोन उंच मिनार. दरवाज्याजवळ जाऊन वाचावं: ‘सर्वोच्च लढवय्या, नव्या ट्युनिशियाचा शिल्पकार, स्त्रीचा मुक्तिदाता’. स्वतःच्या समाधीवर हे कोरून घेणारा दुसरा राज्यकर्ता अरब जगात सापडणं कठीण. आणि दुखणंही याच ओळीत आहे. मुक्ती देणारा एक पुरुष, घेणारी बाई. १९८१ मध्ये याच राजवटीने सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत डोकं झाकायला बंदी घातली, तेव्हा कोणत्या बायकांना विचारलं होतं? त्या बंदीमुळे शिक्षण सुटलेल्या मुली आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्या घरांत ‘स्त्रीहक्क’ म्हटलं की पोलीस आठवतो.

सौदी अरेबियाची वाटही थोडीफार अशीच. २४ जून २०१८ ला बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, आणि त्याच्या काही आठवडे आधी हा हक्क मागणाऱ्या लुजैन अल-हथलूल आणि इतर कार्यकर्त्यांना अटक झाली होती. हक्क द्यायचा, मागणारीला मात्र आत टाकायचं.

सर्वेक्षणं वाचताना हे उपयोगी पडतं. अरब बॅरोमीटर ही पाहणी २००६ पासून अनेक देशांत घरोघर जाऊन होते. ‘राजकीय नेतृत्वात पुरुष सरस असतात’ हे विधान मान्य करणाऱ्यांचं प्रमाण ट्युनिशियात २०१८ नंतरच्या फेरीत घटायच्या ऐवजी चांगलंच वाढलं. ती फेरी २०२१ च्या शेवटी झाली, म्हणजे नजला बुदेन अरब जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या त्याच सुमारास. संसद स्थगित, सगळे अधिकार राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांच्याकडे, आणि पंतप्रधानपद नावापुरतं. लोकांनी बाईच्या नेतृत्वाविषयी मत दिलं की त्या नेमणुकीविषयी, हे नुसत्या टक्क्यावरून सांगता येत नाही. शिवाय प्रश्न विचारणारी व्यक्ती पुरुष आहे की बाई, तिने डोकं झाकलंय की नाही, यानेही उत्तरं बदलतात. मोरोक्को, इजिप्त आणि ट्युनिशियात हे अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे.

सातवा दिवस: १३ ऑगस्ट, पुन्हा ट्यूनिस

मोर्चा बहुधा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, बुर्गिबा मार्गावर असतो. मोर्चाच्या वेळी आजूबाजूचे रस्ते बंद होऊ शकतात. पोलिसांचे किंवा गृहमंत्रालयाचे फोटो काढू नयेत, फोन जप्त होतो.

२०१२ च्या मोर्चाची आठवण इथे सगळे काढतात. नव्या संविधानाच्या मसुद्यात बाई ही कुटुंबात पुरुषाला ‘पूरक’ असा उल्लेख होता. हजारोंच्या मोर्चानंतर तो गेला, आणि २०१४ च्या संविधानाने निवडून येणाऱ्या सभागृहांत समसमान संख्येचं उद्दिष्ट लिहिलं. २०१८ च्या नगरपालिका निवडणुकांत ४७ टक्के जागा बायकांना मिळाल्या, कारण उमेदवारांच्या यादीत एक पुरुष एक बाई, आणि पक्षाच्या निम्म्या याद्यांच्या शिरोभागी बाई, असा दुहेरी नियम होता. सुआद अब्दर्रहीम ट्यूनिसच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. सप्टेंबर २०२२ च्या नव्या निवडणूक कायद्याने याद्याच काढून टाकल्या. एका मतदारसंघात एक उमेदवार, आणि त्याला ४०० मतदारांच्या सह्या लागतात. त्यांतल्या निम्म्या बायकांच्या हव्यात, उमेदवार बाई असली-नसली तरी. नव्या संसदेत बायका १६ टक्क्यांच्या आसपास उरल्या. लोकांची मतं चार वर्षांत एवढी उलटली नव्हती, नियम उलटला होता.

बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा २०१७ चा कायदा क्रमांक ५८ फलकांवर नेहमी असतो. रस्त्यावरच्या छेडछाडीला ५०० ते १,००० दिनार दंड, पोलिसांत खास पथकं, मदतीचा क्रमांक १८९९. कागदावर अरब देशांतला हा सर्वांत भक्कम कायदा. बिघडतं ते पहिल्या पायरीवर. बाई रात्री जाते, खास पथक सकाळी असतं. साध्या ठाण्यात तिला ‘मुलांचा विचार कर’ म्हणून परत पाठवतात, खरं तर तक्रार मागे घ्यायला दबाव आणणाऱ्या पोलिसाला याच कायद्यात शिक्षा आहे. जखमेचा वैद्यकीय दाखला वेळेत घेतला नाही तर खटला कमजोर पडतो. निवारागृहं मोठ्या शहरांतच.

गेल्या काही वर्षांत मोर्चात नव्या मागण्या आल्या. सरकारवर टीका करणाऱ्या वकील सोनिया दहमानी यांना मे २०२४ मध्ये अटक झाली, त्यानंतर तुरुंगातल्या बायकांची नावं फलकांवर चढली. १९८९ पासून काम करणाऱ्या लोकशाहीवादी महिला संघटनेला ऑक्टोबर २०२५ मध्ये महिनाभर काम थांबवण्याचा आदेश निघाला. महिला दिनाची सुट्टी आणि सरकारी भाषणं मात्र चालूच आहेत.

मोर्चात कोणाशी बोलायचं तर ‘समानता हवी का’ असं विचारू नये. त्याला प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो. आजोबांची जमीन कोणाच्या नावावर झाली, आत्याला काय मिळालं, तुमचं घर कोणाच्या नावावर आहे, हे विचारावं. माणसं थांबतात, आठवतात, आणि मग खरं बोलतात. समान वाट्याचं विधेयक २३ नोव्हेंबर २०१८ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलं. ज्याला जुनी वाटणी हवी त्याने तसं नोटरीकडे लिहून ठेवावं, ही सवलतही त्यात होती. जुलै २०१९ मध्ये एसेब्सी गेले. नंतर आलेले सईद यांनी १३ ऑगस्ट २०२० च्या भाषणात कुराणाचं वचन स्पष्ट आहे असं सांगितलं. विधेयक मतदानाला आलंच नाही.